पाहणारं कुणीतरी लागतं

पदक हातात आलं की आपण आधी त्याचं तोंड बघतो, मग उलटून पाठ. मीही तेच केलं. एका बाजूला पंचम जॉर्जचं डोकं. दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला नग्न स्वार, टापांखाली गरुडाची ढाल आणि कवटी, वर उगवता सूर्य, आणि १९१४, १९१८ हे आकडे. पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश वॉर मेडल. ज्यांच्या संग्रहातलं ते होतं ते गृहस्थ समोरच बसले होते. त्यांचं आयुष्य पदकांत गेलेलं. त्यांनी माझ्या हातात भिंग दिलं आणि म्हणाले, "तोंड आणि पाठ लाखो पदकांची सारखीच असते. वाचायची ती कड."

ब्रिटिशांच्या पदकांना नाण्यासारखी जाड कड असते. तिच्यावर बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असते. म्हणजे पदकाचा मालक पदकाच्या पुढेही नसतो आणि मागेही नसतो. तो कडेवर असतो. आपण पदक छातीवर लटकलेलं बघतो, म्हणून ती अक्षरं कधी दिसतच नाहीत.

"आणि रंग बघितलात का?" त्यांनी विचारलं.

रंग तपकिरी होता. मी तोवर फोटोत पाहिलेली वॉर मेडल्स चांदीची होती. चांदीची ही पदकं सुमारे पासष्ट लाख दिली गेली. काशाची साधारण एक लाख दहा हजार. काशाची होती ती चिनी, हिंदी, माल्टी मजुरांच्या तुकड्यांसाठी. ज्यांनी रस्ते खोदले, रूळ टाकले, जहाजांतून माल उतरवला, त्यांच्यासाठी. साचा एकच. तोच स्वार, तोच सूर्य, तीच तारीख. फक्त धातू वेगळा. हे काही नवीन नव्हतं म्हणा. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर ईस्ट इंडिया कंपनीनं जे पदक पाडलं, त्यावर वाघाला लोळवणारा सिंह आहे, आणि तो एकच सिंह हुद्द्याप्रमाणे सोन्यात, सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीत, चांदीत, काशात आणि कथलात ओतलेला आहे.

मजुराचं ते पदक मी बराच वेळ हातात धरून होतो. कडेवर नंबर होता, पुढे 'लेबर' हा शब्द अर्धा दिसत होता, आणि नाव घासून गेलं होतं. त्यानं युद्धात नेमकं काय केलं हे कडेवर लिहिलेलं नसतं. मोहिमेच्या पदकावर ते कुणाचंच लिहीत नाहीत. तू तिथं होतास, एवढंच ते पदक सांगतं.

काय केलं हे सांगणारा कागद शौर्यपदकांबरोबर येतो. फौजेत त्याला सायटेशन म्हणतात. त्या दिवसापासून मला सायटेशनं वाचायचा नाद लागला. दहा-बारा ओळींचा मजकूर असतो, रुक्ष सरकारी भाषा. तारीख, नदीचं किंवा टेकडीचं नाव, मशीनगनची चौकी किती यार्डांवर होती, किती हातबॉम्ब फेकले. पण वाचता वाचता माझं लक्ष हळूहळू शूर माणसावरून हटून त्या ओळी लिहिणाऱ्याकडे जायला लागलं. हे पाहिलं कुणी? गोळ्यांच्या त्या पावसात डोकं वर काढून बघणारा कोण होता? तो जगला म्हणूनच हे कागदावर आलं ना? व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. त्याच्या शिफारशीला साधारणपणे तीन साक्षीदार लागत. शौर्य एकट्यानं करता येतं, पदक एकट्याला मिळत नाही. त्याला पाहणारं कुणीतरी लागतं, पाहून मानणारं लागतं, आणि मानून लिहिणारं लागतं.

एप्रिल १९४५ मधला इटली घेतो. तिथलं युद्ध संपायला महिनाही उरला नव्हता.

९ एप्रिलला सेनिओ नदीवर हल्ला झाला. दोन्ही काठांना पुरासाठी बांधलेले उंच बांध, आणि त्या बांधांत जर्मनांनी पोखरून केलेल्या चौक्या. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीतला नामदेव जाधव हा कंपनीचा रनर होता, म्हणजे निरोप पोचवणारा शिपाई. वय तेवीस. नदी ओलांडताना त्याच्याबरोबरचे बहुतेक जण पडले. दोन जखमी उरले. त्यानं एकाला उचललं, खोल पाण्यातून, निसरड्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून परत नेऊन सोडलं. पुन्हा आला आणि दुसऱ्याला नेलं. मग पुन्हा आला, एकटा, मशीनगनच्या चौकीवर चालून गेला. हाताला गोळी लागली, टॉमीगन चालवता येईना, तेव्हा ती फेकून दिली आणि हातबॉम्बवर काम चालवलं. एकामागून एक तीन चौक्या बंद पाडल्या. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभा राहिला, मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्यांना हात करून बोलावलं.

त्या माथ्यावरच्या क्षणाशी मी दर वेळी थांबतो. लढाईत बांधाच्या माथ्यावर उभं राहणं म्हणजे सगळ्या बंदुकांना निशाण देणं. पण त्याच माथ्यावर तो आपल्या माणसांनाही दिसला. नदीच्या अलीकडून निदान काही डोळे त्याच्याकडे लागलेले असणार. ती सायटेशन त्या डोळ्यांनी लिहिली आहे. काही महिन्यांतच व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. त्याच दिवशी त्याच सेनिओवर फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या अली हैदर या शिपायालाही तो मिळाला. दोन वर्षांनी दोघं दोन देशांचे नागरिक झाले.

आता याच्या चार दिवस आधी, त्याच इटलीत, पश्चिम किनाऱ्याजवळ, व्हर्नन बेकर नावाचा अमेरिकेचा कृष्णवर्णीय लेफ्टनंट पंचवीस जणांना घेऊन एका किल्ल्यावर चढत होता. त्यानं आणि त्याच्या माणसांनी सहा मशीनगन चौक्या मोडल्या. मदत मागितली ती आली नाही. बहुतेक माणसं गेली. बेकरला डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस मिळाला, सर्वोच्च पदकाच्या खालचा. ते सर्वोच्च पदक म्हणजे मेडल ऑफ ऑनर. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेनं ती चारशेहून अधिक दिली आणि त्यांत एकही कृष्णवर्णीय सैनिक नव्हता. एकही. १९९० नंतर लष्करानं स्वतःच याचा अभ्यास करवून घेतला, आणि १३ जानेवारी १९९७ ला सात जणांना पदक दिलं. सातांपैकी एकटा बेकर जिवंत होता. कारवाई आणि पदक यांत बावन्न वर्षं गेली.

आणि सेनिओनंतर बारा दिवसांनी, २१ एप्रिलला, सान तेरेंझोजवळच्या कड्यावर डॅनियल इनोये. जपानी वंशाच्या आईबापांचा मुलगा, अमेरिकी फौजेच्या ४४२व्या रेजिमेंटमधला. त्याच्यासारख्या एक लाखाहून अधिक जपानी वंशाच्या माणसांना अमेरिकेनं तेव्हा काटेरी तारांच्या छावण्यांत डांबलं होतं. हातबॉम्ब फेकायला उगारलेला त्याचा उजवा हात शत्रूच्या माऱ्यात कोपरापाशी तुटून लोंबायला लागला, आणि त्या निर्जीव मुठीत पिन काढलेला बॉम्ब तसाच. त्यानं डाव्या हातानं तो मुठीतून सोडवून घेतला आणि चौकीवर फेकला. त्यालाही तेव्हा खालचंच पदक मिळालं. मेडल ऑफ ऑनर जून २००० मध्ये, पंचावन्न वर्षांनी. तेव्हा तो कितीतरी वर्षं सिनेटर होता.

बेकर आणि इनोयेच्या बाबतीत साक्षीदार नव्हते असं नाही. होते, पुष्कळ होते. पण त्यांनी पाहिलेलं वर पोचेपर्यंत कुठंतरी त्याची उंची कमी झाली. पाहणं आणि मानणं यांत इतकं अंतर असू शकतं, हे मला या तीन तारखा शेजारी शेजारी ठेवल्यावर समजलं. आणि हिंदी शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला म्हणून ब्रिटिशांचं मन मोठं, असंही मी म्हणणार नाही. १८५६ साली हे पदक सुरू झालं, आणि हिंदी सैनिकांना ते खुलं झालं १९११ मध्ये. मधली पंचावन्न वर्षं पाहणाऱ्यांना मानायची परवानगीच नव्हती. पुन्हा पंचावन्न. हा आकडा जुळून आला तेव्हा मी वही मिटून ठेवली होती.

कधी कधी मात्र मान्यता अगदी अनपेक्षित बाजूनं येते.

११ ऑगस्ट १९४३. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रावर न्यूझीलंडचा लॉइड ट्रिग लिबरेटर विमान घेऊन पाणबुड्या शोधत होता. यू-४६८ ही जर्मन पाणबुडी पृष्ठभागावर दिसली. विमान खाली आलं तसा पाणबुडीच्या तोफांनी त्याचा वेध घेतला. विमान पेटलं. ट्रिगला वळून समुद्रावर उतरायचा प्रयत्न करता आला असता. त्यानं पेटलेलं विमान तसंच पुढे आणलं, पाणबुडीच्या डोक्यावरून अगदी कमी उंचीनं नेलं आणि बॉम्ब सोडले. विमान थोडं पुढे जाऊन समुद्रात पडलं. आतलं कुणीही वाचलं नाही. पाणबुडीही बुडाली.

पाण्यात उरले काही जर्मन. त्यांच्यापाशी तरंगत आली एक रबरी होडी. ती होडी ट्रिगच्या विमानातली होती. तिच्यात बसून कप्तान क्लेमेन्स शामोंग आणि त्याची मोजकी माणसं जगली. वरून जाणाऱ्या ब्रिटिश विमानाला ती होडी दिसली, तेव्हा त्यांना वाटलं आपलेच लोक आहेत. ब्रिटिश जहाज आलं, आणि होडीत शत्रू निघाला. कैद झाल्यावर शामोंगनं आणि त्याच्या माणसांनी पाहिलं ते सांगितलं: तो वैमानिक मागे फिरला नाही. त्या एवढ्या साक्षीवर ट्रिगला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसरी साक्ष नव्हतीच. सगळे साक्षीदार त्यानंच बुडवलेल्या बोटीवरचे आणि त्याच्याच होडीनं तारलेले.

शामोंगला असं सांगायची काही गरज नव्हती. गप्प राहिला असता तर कुणी विचारलं नसतं. ट्रिग "हवाई गस्तीवर बेपत्ता" या यादीत गेला असता, आणि त्या यादीत असे किती जण गेले असतील याचा हिशेब लागत नाही. ज्यांचा शेवट कुणीच पाहिला नाही अशा माणसांचा विचार माझ्या मनात याच गोष्टीनं रुजवला.

तसंच कारगिलचं. जुलै १९९९, टायगर हिल. पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीचा कॅप्टन कर्नल शेर खान (कर्नल हे त्याचं नावच) शेवटपर्यंत प्रतिहल्ला चढवत राहिला आणि पडला. त्याच्याविरुद्ध लढणाऱ्या भारतीय ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर बाजवा यांनी त्याचं शव परत पाठवताना त्याच्या खिशात एक चिठ्ठी ठेवली: हा फार शौर्यानं लढला, त्याचं श्रेय त्याला मिळावं. पाकिस्ताननं त्याला निशान-ए-हैदर हे आपलं सर्वोच्च शौर्यपदक दिलं. ज्यांची माणसं त्या टेकडीवर गेली होती, ते आपल्याच मृतांच्या शेजारी उभं राहून शत्रूच्या खिशात चिठ्ठी घालतात. त्या चिठ्ठीला मी सायटेशनच म्हणतो. कुठल्याही गॅझेटमधल्याहून ती मला खरी वाटते, कारण ती लिहिणाऱ्याला तिच्यातून काहीच मिळायचं नव्हतं.

आणि साक्षीदारच न मिळाल्यावर काय होतं?

लिदिया लित्व्याक ही सोव्हिएत लढाऊ वैमानिक १ ऑगस्ट १९४३ ला उड्डाणावरून परतली नाही. बावीसही पूर्ण नव्हती. तेव्हा विमान सापडलं नाही, देह सापडला नाही. बेपत्ता म्हटल्यावर शंका: कैद झाली असेल का? आणि कैद होणं हा त्या राजवटीत कलंक होता. त्या एका शंकेपायी 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब अडून राहिला. तिच्या विमानाची मेकॅनिक युद्धानंतर कित्येक वर्षं शेताशेतांतून अवशेष शोधत हिंडत राहिली. किताब मिळाला मे १९९० मध्ये, म्हणजे तो देणारा देश मोडायच्या दीडएक वर्ष आधी. मेकॅनिकला ठाऊक असतं आपण कुणाला कॉकपिटमध्ये बसवून पट्टे आवळून दिले ते. ती चढताना पाहणारी शेवटची माणसं मेकॅनिकच. मला वाटतं ती शोधत होती ते त्या पाहण्याचं ओझं उतरवायला.

नूर इनायत खानचंही असंच झालं. पॅरिसमध्ये ब्रिटनसाठी गुप्तपणे वायरलेस चालवणारी, पकडली गेलेली. युद्ध संपल्यावर तिच्या खात्यातल्या व्हेरा अॅटकिन्स जर्मनीत जाऊन एकेका पहारेकऱ्याला, एकेका कैद्याला विचारत फिरल्या. आधी वाटलं नूर नात्झवायलरच्या छळछावणीत मारली गेली. मग कळलं ती दुसरीच होती, नूरला १३ सप्टेंबर १९४४ ला डाखाऊमध्ये मारलं. जॉर्ज क्रॉस १९४९ मध्ये. त्या क्रॉसमागे व्हेराबाईंची सगळी पायपीट आहे, त्या पायपिटीचा उल्लेख मात्र क्रॉसवर नसतो.

साक्ष जास्त झाली की वेगळीच अडचण. सगळेच शूर असतील तर? व्हिक्टोरिया क्रॉसच्या मूळ सनदेत यावर तोडगा आहे, आणि तो मला फार आवडतो: सगळी तुकडी सारखीच शूर ठरली तर तुकडीनंच मतं टाकून आपल्यातला माणूस निवडायचा. अधिकाऱ्यांनी अधिकारी, शिपायांनी शिपाई. एप्रिल १९१८ मध्ये बेल्जियममधल्या झेब्रुग बंदरावरच्या हल्ल्यानंतर असं मतदान झालं, आणि ते अखेरचं. ज्याला मिळालं त्याला ठाऊक असतं की हे पदक मी इतरांच्या वतीनं घालतो. अमेरिकेत यादवी युद्धात उलट झालं. मेन राज्याच्या सत्ताविसाव्या रेजिमेंटला, मुदत संपल्यावरही राजधानीच्या रक्षणाला थांबाल तर पदक, असं आश्वासन दिलं गेलं. थांबले तीनशेच्या आसपास. पण कोण थांबलं त्याची नीट यादी नव्हती, म्हणून ८६४ मेडल ऑफ ऑनर पाडली गेली, सगळ्यांना. १९१७ साली ती रद्द झाली, आणि त्याच झाडाझडतीत मेरी वॉकर या शल्यचिकित्सक बाईंचंही पदक काढलं गेलं. त्यांनी ते परत केलं नाही. १९१९ मध्ये मरेपर्यंत त्या ते घालत राहिल्या. १९७७ मध्ये सरकारनं पुन्हा त्यांचं मानलं.

एका पदकाला मात्र पाहणाऱ्याची फारशी गरज नाही. पर्पल हार्ट. शत्रूच्या हातून जखम झाली किंवा मरण आलं की ते मिळतं. जखम हीच साक्ष. १९४५ मध्ये जपानच्या भूमीवर उतरायची तयारी चालली होती, तेव्हा अमेरिकेनं होणाऱ्या जखमांचा अंदाज बांधला आणि लाखो पर्पल हार्ट आगाऊ पाडून ठेवली. मग युद्ध ऑगस्टमध्येच संपलं. ज्या तऱ्हेनं संपलं, त्यात जपानच्या दोन शहरांत ज्या जखमा झाल्या त्यांचं पदक कुणाकडेच नव्हतं. गोदामातली पदकं पुढे कोरियात लागली, व्हिएतनाममध्ये लागली, त्यानंतरही लागत राहिली. १९६८ साली व्हिएतनाममध्ये एखाद्या पोराच्या उशाला ठेवलेली पर्पल हार्टची पेटी कदाचित त्याच्या जन्माआधी, दुसऱ्याच कुणाच्या जखमेसाठी तयार झालेली असेल. हे वाचलं त्या रात्री मला झोप नीट लागली नाही. जखमेच्या आधी पदक तयार असतं, आणि ते माणसाची वाट बघत फळीवर बसतं.

परत संग्राहकांकडे येतो. त्यांनी मला दुसऱ्या महायुद्धातले दोन तारे, म्हणजे ताऱ्याच्या आकाराची पदकं, दाखवली. एक कोरा, दुसऱ्याच्या पाठीवर नाव. ब्रिटिश सरकारनं खर्च वाचवायला आपल्या शिपायांचे तारे बिननावाचे दिले. हिंदुस्थानात दिलेल्या ताऱ्यांवर नावं घातली गेली. धातूत कमी लेखलेल्यांचं नाव इथं मात्र टिकलं. ते सांगताना त्यांचा आवाज बदलला होता.

१९२१ साली अमेरिकेनं ब्रिटनच्या अनाम सैनिकाला मेडल ऑफ ऑनर दिलं, आणि ब्रिटननं अमेरिकेच्या अनाम सैनिकाला व्हिक्टोरिया क्रॉस. कोण होते, काय केलं, पाहिलं कुणी, काहीच माहीत नाही. सायटेशन लिहायला एक ओळही नाही. मी विचारलं, अशा पदकाच्या कडेवर काय लिहीत असतील? ते काही बोलले नाहीत. मजुराचं काशाचं पदक त्यांनी पुन्हा माझ्या हातात दिलं, दिवा तिरका केला आणि म्हणाले, "उजेड असा आडवा पडला की घासलेलं अक्षरही कधी कधी उठतं. बघा."

मी भिंग लावलं. पदक अंगठ्यानं हळूहळू फिरवलं. नंबर गेला, 'लेबर' गेलं. मग एका जागी, जिथं मघाशी नुसता गुळगुळीत धातू दिसला होता, तिथं एक उभी रेघ उठली. तिच्या शेजारी अर्धं वळण. 'आर' असावा, किंवा 'के'. मी दिवा आणखी खाली ओढला.